हिऱ्याचा दागिना घ्यायचाय? आधी दुकान पारखा

सोन्याच्या दागिन्याचा हिशेब सरळ असतो. वजन, शुद्धता, त्या दिवसाचा भाव आणि घडणावळ. हिऱ्याचं तसं नाही. एकाच वजनाच्या, दिसायला सारख्याच दोन हिऱ्यांच्या किमतीत दुपटीचा फरक असू शकतो आणि नुसत्या डोळ्यांना त्यातलं काही कळत नाही. म्हणून हिरा निवडायच्या आधी दुकान निवडावं लागतं. त्याची कसोटी एकच आहे: दुकानदार तोंडी जे सांगतोय ते बिलावर लिहून द्यायला तयार आहे का आणि पैसे घेण्याआधी तपासू देतोय का? झवेरी बाजारातली पेढी असो, लक्ष्मी रोडवरचं जुनं दुकान असो, मॉलमधली साखळी शाखा असो की ऑनलाइन विक्रेता, कसोटी सगळ्यांना सारखीच लागते. दुकानाचं वय, जाहिरातीतली नटी आणि काउंटरवरचा चहा यांचा हिऱ्याच्या प्रतीशी काही संबंध नाही.

सोबत ठेवायच्या वस्तू

- दहापट भिंग. दागिन्यांसाठी मिळणारं घडीचं भिंग काही शे रुपयांत येतं.
- फोनमध्ये भारतीय मानक ब्युरोचं 'बीआयएस केअर' अॅप.
- मिलिमीटरची पट्टी, शक्यतो व्हर्नियर (बारीक माप दाखवणारी चिमट्याची मोजपट्टी).
- कोरा पांढरा कागद, पेन, कॅल्क्युलेटर.
- पॅन कार्ड. दोन लाखांवरच्या खरेदीला ते द्यावं लागतं.
- जुनं सोनं मोडायचं असेल तर त्याचं मूळ बिल.

१. घरून निघण्याआधी

दुकानाचा जीएसटी क्रमांक मागून घ्या आणि जीएसटीच्या पोर्टलवर टाका. नोंदणी चालू आहे का, आणि नाव पाटीवरच्या नावाशी जुळतंय का, ते पाहा. पाटीवर एक नाव आणि बिल दुसऱ्याच फर्मचं, असं असेल तर त्याचं कारण विचारा. उद्या तक्रार करायची वेळ आली तर ती बिलावरच्या फर्मविरुद्ध करावी लागते.

मग त्या दिवसाचा सोन्याचा भाव लिहून घ्या. इंडिया बुलियन अँड ज्वेलर्स असोसिएशन कामाच्या दिवशी सकाळ-संध्याकाळ भाव जाहीर करते आणि त्यात ९९९, ९१६, ७५०, ५८५ असे शुद्धतेनुसार (हजार भागांत किती शुद्ध सोनं) वेगवेगळे आकडे असतात. हिऱ्याचे दागिने बहुधा १८ किंवा १४ कॅरेट सोन्यात घडवतात, कारण २२ कॅरेट सोनं मऊ असतं आणि बारीक हिरे त्यात घट्ट बसत नाहीत. म्हणजे तुमच्या कामाचे आकडे ७५० आणि ५८५ हे दोन. दुकानाचा भाव यापेक्षा थोडा वेगळा असेल. फार वेगळा असेल तर का, ते विचारता येतं.

२. दुकानात पाऊल टाकल्यावर

हॉलमार्क दागिने विकणाऱ्या नोंदणीकृत सराफाला तसा फलक आणि नोंदणी प्रमाणपत्र दर्शनी भागात लावावं लागतं आणि ग्राहकाला खुणा वाचता याव्यात म्हणून किमान दहापट भिंग ठेवावं लागतं. ते मागा. भिंग लगेच पुढे आलं तर उत्तम. 'कशाला हवंय, आमच्यावर विश्वास नाही का?' असं उत्तर आलं तर तिथली पहिली परीक्षा झाली.

वजनकाटा तुम्हाला दिसेल असा ठेवलेला असावा, त्यावर वैधमापन विभागाची मुद्रा असावी, आणि दागिना ठेवण्याआधी आकडा शून्य असावा. पंखा किंवा एसीचा झोत काट्यावर येत असेल तर शेवटचे आकडे हलतात. काट्याचं झाकण लावून वजन करायला सांगा.

३. किमतीचा हिशेब सुटा करून मागा

सगळ्यात जास्त पैसे इथे जातात, तेव्हा इथे घाई नको. 'या अंगठीचे पंचाहत्तर हजार' हे उत्तर पुरेसं नाही. सोनं, हिरे, घडणावळ आणि कर हे चारही आकडे वेगवेगळे हवेत.

आधी एककं नीट समजून घ्या. सोन्याचा कॅरेट म्हणजे शुद्धता आणि हिऱ्याचा कॅरेट म्हणजे वजन. हिऱ्याचा १ कॅरेट म्हणजे ०.२ ग्रॅम, आणि त्याचे १०० सेंट. 'तीस सेंटचा हिरा' म्हणजे ०.३० कॅरेट, म्हणजे ०.०६ ग्रॅम.

आता समजा अंगठीचं एकूण वजन ४.२०० ग्रॅम आहे आणि तिच्यात ०.५० कॅरेटचे बारीक हिरे आहेत. हिऱ्यांचं वजन झालं ०.१०० ग्रॅम, म्हणून सोन्याचं निव्वळ वजन ४.१०० ग्रॅम. हिशेबापुरता २४ कॅरेटचा भाव ग्रॅमला १२,००० रुपये धरू. १८ कॅरेट म्हणजे ७५ टक्के, म्हणून ९,००० रुपये.

- सोनं: ४.१०० × ९,००० = ३६,९०० रुपये
- घडणावळ, ग्रॅमला १,२०० दराने: ४,९२० रुपये
- हिरे, कॅरेटला ६०,००० दराने ०.५० कॅरेट: ३०,००० रुपये
- बेरीज ७१,८२०, त्यावर ३ टक्के जीएसटी २,१५४.६० रुपये
- एकूण ७३,९७४.६० रुपये

हॉलमार्किंगचं शुल्क यात धरलेलं नाही. ते नगावर असतं, वजनावर नाही: सोन्याच्या एका नगाला ४५ रुपये आणि त्यावर जीएसटी. यासाठी शेकडो रुपये लावले असतील तर हटका.

या साध्या हिशेबात नेहमी चार ठिकाणी गफलत होते.

पहिली, सोन्याचा भाव एकूण वजनावर लावणं. अंगठीत फरक थोडा पडतो, पण हिऱ्याच्या मंगळसूत्रात काळे मणी असतात, तन्मण्याला मोती आणि रेशीमदोरा असतो. मणी, मोती, दोरा सगळं वजा करून उरतं ते निव्वळ वजन. ओवण्याआधीचं सोन्याचं वजन लिहून मागा. ओवलेला दागिना तोलून नंतर 'मण्यांचे अंदाजे इतके वजा केले' हे चालवून घेऊ नका.

दुसरी, १८ कॅरेटच्या दागिन्याला २२ कॅरेटचा भाव. वरच्या अंगठीत ग्रॅमला ९,००० ऐवजी ११,००० लावले तर ८,२०० रुपये जास्त जातात. भाव बोर्डावर बहुधा २२ कॅरेटचा लिहिलेला असतो, म्हणून हे सहज निसटतं. १८ कॅरेटचा भाव ७५ टक्क्यांऐवजी ७८ किंवा ८० टक्क्यांनी काढणं हा त्याचाच सौम्य प्रकार.

तिसरी, घडणावळ टक्क्यांत, आणि तीही हिऱ्यांसकट पूर्ण किमतीवर. घडणावळ सोन्याच्या निव्वळ वजनावर किंवा फार तर सोन्याच्या किमतीवर असावी. हिरे बसवण्याची मजुरी वेगळी घेत असतील तर नगामागे दर विचारा.

चौथी गफलत सवलतीची. 'घडणावळीवर ५० टक्के सूट', 'हिऱ्यांच्या किमतीवर २५ टक्के सूट' अशा पाट्या दसरा-पाडव्याला सगळीकडे लागतात. मूळ दर ठरवणारा दुकानदारच असतो, त्यामुळे सवलतीचा टक्का बघून काही कळत नाही. दोन दुकानांची तुलना करताना सूट वजा जाता हिऱ्याचा कॅरेटमागे दर आणि घडणावळीचा ग्रॅममागे दर, हे दोनच आकडे शेजारी शेजारी मांडा.

हिऱ्यांच्या एकूण वजनाबद्दलही सावध राहा. पारंपरिक कुडीत सात हिरे असतात, जोडीत चौदा. प्रत्येक १० सेंटचा धरला तर जोडीत १.४० कॅरेट होतात. पण १.४० कॅरेटच्या एका हिऱ्याशी त्यांची तुलना होत नाही, कारण हिरा जितका मोठा तितका त्याचा कॅरेटमागचा दरही चढा. दर ३०, ५०, ७०, ९० सेंट आणि १ कॅरेट या टप्प्यांवर उडी घेतात. ४८ सेंटचा हिरा ५० सेंटच्या शेजारी ठेवला तर डोळ्यांना फरक दिसत नाही, दरात मात्र दिसतो. तेव्हा दुकानदार ४८ सेंटला 'पन्नासच समजा' म्हणत असेल तर दरही ४८ चाच लावून घ्या.

४. हॉलमार्क वाचा, पण त्याच्याकडून हिऱ्याची हमी मागू नका

१ एप्रिल २०२३ पासून दुकानांत विकायच्या सोन्याच्या हॉलमार्क दागिन्यांवर तीन खुणा असतात: बीआयएसचं त्रिकोणी चिन्ह, शुद्धता आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या नगाचा स्वतंत्र ओळख क्रमांक. १८ कॅरेटसाठी शुद्धतेची खूण १८के७५०, १४ कॅरेटसाठी १४के५८५. भिंगातून एचयूआयडी वाचा आणि दुकानातच 'बीआयएस केअर'मध्ये टाका. सराफाची नोंदणी, तपासणी केंद्र, दागिन्याचा प्रकार, शुद्धता आणि हॉलमार्किंगची तारीख दिसते. दागिन्याचा प्रकार मुद्दाम वाचा. हातात अंगठी आणि अॅपमध्ये कर्णफुलं दिसत असतील तर तो क्रमांक दुसऱ्याच नगाचा आहे.

मराठी घरांना हमखास गाठणारी एक पळवाट इथे आहे. दोन ग्रॅमपेक्षा हलक्या दागिन्याला हॉलमार्कची सक्ती नाही. हिऱ्याची चमकी, लहान मुलींची कानातली, बारीक पेंडंट या सक्तीतून सुटतात. कुंदन, पोलकी आणि जडाऊ कामालाही सूट आहे. अशा दागिन्याची शुद्धता बिलावर शब्दांत लिहून घेणं एवढाच आधार उरतो, आणि चांगला सराफ ती विनातक्रार लिहून देतो.

आणि हॉलमार्क फक्त धातूचा असतो. हिरा खरा की खोटा, खाणीतला की प्रयोगशाळेतला, याबद्दल तो काहीच सांगत नाही. 'हॉलमार्क आहे ना, मग काळजी नको' असं हिऱ्याविषयी बोलणारा विक्रेता एक तर नवखा असतो किंवा तुम्हाला नवखं समजतो.

५. एक प्रश्न थेट विचारा: नैसर्गिक की प्रयोगशाळेतला?

प्रयोगशाळेत वाढवलेला हिरा हाही कार्बनचाच. तेवढाच कठीण, तेवढाच चमकदार. सीव्हीडी (वायूपासून थरावर थर चढवणं) आणि एचपीएचटी (प्रचंड दाब आणि तापमान) या दोन पद्धतींनी तो तयार होतो. तो घेण्यात काही वावगं नाही, पण किंमत त्याची द्यावी, नैसर्गिकाची नव्हे. प्रयोगशाळेतल्या हिऱ्यांचे दर गेल्या काही वर्षांत झपाट्याने उतरले आहेत आणि दोन्हींतली दरी फार मोठी आहे.

आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ १८३२३ नुसार नुसता 'हिरा' म्हटलं तर तो नैसर्गिकच असला पाहिजे. व्यवहारात मात्र गोल गोल उत्तरं मिळतात: 'अस्सल हिरा आहे', 'सर्टिफाइड आहे', 'टेस्टरवर पास होतो'. यातलं एकही तुमच्या प्रश्नाचं उत्तर नाही. बिलावर 'नैसर्गिक हिरे' किंवा 'प्रयोगशाळेत तयार केलेले हिरे' यांपैकी एक लिहून मागा.

काउंटरवर टोक टेकवल्यावर वाजणारा पेनासारखा टेस्टर असतो, त्याच्यावर भिस्त ठेवू नका. तो उष्णता किती पटकन वाहते एवढंच मोजतो. झिर्कॉन म्हणून विकली जाणारी क्युबिक झिर्कोनिया त्यात पकडली जाते. प्रयोगशाळेतला हिरा मात्र पास होतो, कारण तो हिराच आहे, आणि मॉइसनाइट हा हिऱ्यासारखा दिसणारा कृत्रिम खडाही बहुतेक वेळा पास होतो. मॉइसनाइट ओळखायला भिंग जास्त उपयोगी पडतं. खडा किंचित तिरका करून आतल्या पाठीमागच्या पैलूंच्या कडा पाहा. त्या जोडीने, दुहेरी दिसल्या तर तो हिरा नव्हे. वाफ फुंकणं, पाण्यात टाकणं, वर्तमानपत्रावर ठेवून अक्षरं वाचणं, हे घरगुती प्रयोग घडवलेल्या दागिन्यावर निरुपयोगी आहेत.

मोठी भीती एकट्या मोठ्या हिऱ्याची नसते, बारीक हिऱ्यांची असते. एक-दोन सेंटच्या नैसर्गिक हिऱ्यांत प्रयोगशाळेतले हिरे मिसळलेले निघू शकतात, आणि कधी कधी ते खुद्द सराफालाही कळलेलं नसतं. म्हणून विचारा: 'बारीक हिरे तपासणी यंत्रातून काढता का? स्वतःकडे आहे की बाहेरून करून घेता?' नीट व्यवसाय करणाऱ्याकडे याचं तयार उत्तर असतं, आणि यंत्र दुकानात असेल तर तो तुमच्यासमोर दागिना त्यात ठेवून दाखवतो.

जोडीला आणखी एक प्रश्न: हिऱ्यावर काही प्रक्रिया केली आहे का? भेगा काचेसारख्या पदार्थाने भरलेले हिरे स्वस्तात स्वच्छ दिसतात, पण पुढे अंगठी लहान-मोठी करताना कारागिराने झोत मारला की भरण वितळतं आणि भेग उघडी पडते.

६. प्रमाणपत्र कोणाचं आणि कशाचं

बाजारात 'सर्टिफिकेट' या नावाखाली तीन वेगळे कागद फिरतात.

सुट्या हिऱ्याचा अहवाल सगळ्यात भक्कम. जीआयए ही १९३१ सालची अमेरिकन संस्था आहे आणि रंगाची डी (पूर्ण रंगहीन) ते झेड (पिवळसर) ही श्रेणी तिचीच. तिची प्रयोगशाळा मुंबईतही आहे. आयजीआय या दुसऱ्या तपासणी संस्थेचे अहवाल आपल्याकडे सर्वाधिक दिसतात. साधारण ३० सेंटच्या वरचा एकटा हिरा घेताना असा अहवाल मागावाच.

दुसरा कागद तयार दागिन्याचा अहवाल. आयजीआय, एसजीएल या प्रयोगशाळा असे अहवाल देतात. इथे हिरे बसवलेल्या स्थितीत तपासलेले असतात, त्यामुळे रंग 'ई-एफ', स्वच्छता 'व्हीव्हीएस-व्हीएस' (आतले डाग फार बारीक ते बारीक) अशी पट्ट्यात दिली जाते. बारीक हिऱ्यांच्या दागिन्याला हा पुरेसा आहे. मोठ्या सॉलिटेअरला, म्हणजे एकट्या बसवलेल्या हिऱ्याला, नाही.

तिसरा, दुकानाचं स्वतःचं गुळगुळीत कार्ड. त्यावर 'ऑथेंटिसिटी' लिहिलेलं असलं तरी ते विक्रेत्याने स्वतःच्याच मालाला दिलेलं शिफारसपत्र आहे.

अहवाल हातात आला की त्याचा क्रमांक संस्थेच्या संकेतस्थळावर स्वतः टाका. दुकानाने दिलेला क्यूआर कोड वापरू नका, पत्ता स्वतः टाइप करा. नंतर भिंगातून हिऱ्याच्या कडेवर, म्हणजे गर्डलवर, लेझरने कोरलेला क्रमांक शोधा. तो फार बारीक असतो, दहापट भिंगात जेमतेम दिसतो. दुकानातला सूक्ष्मदर्शक मागा. आयजीआयचा प्रयोगशाळेतल्या हिऱ्याचा क्रमांक 'एलजी' या अक्षरांनी सुरू होतो. क्रमांक जुळला तरी वजन आणि मिलिमीटरमधली मापंही जुळवा, कारण नैसर्गिक हिऱ्याचा क्रमांक प्रयोगशाळेतल्या हिऱ्यावर कोरल्याची प्रकरणं प्रयोगशाळांच्या तपासणीत उघड झाली आहेत. हिऱ्याचं माप शंभरांश मिलिमीटरपर्यंत जुळवणं फसवणाऱ्याला कठीण जातं.

जीआयएने ऑक्टोबर २०२५ पासून प्रयोगशाळेतल्या हिऱ्यांना रंग-स्वच्छतेच्या जुन्या श्रेणी देणं थांबवलं आहे आणि 'प्रीमियम' व 'स्टँडर्ड' असे दोनच वर्ग ठेवले आहेत. दोन वेगवेगळ्या वेळचे अहवाल शेजारी ठेवताना हे ध्यानात असू द्या. आणि एखाद्या कागदावर 'मूल्यांकन' म्हणून छापलेला मोठा आकडा ही बाजारातली किंमत नसते. 'दोन लाखांचं मूल्यांकन, तुम्हाला सव्वा लाखात' हे ऐकलं की उठायला हरकत नाही.

७. दागिना हातात घ्या

शोरूमच्या छतावरचे बारीक दिवे कुठल्याही खड्याला लखलखवतात. तेव्हा दागिना दाराजवळ, सावलीतल्या दिवसाच्या उजेडात पाहायला मागा. हिऱ्यावरचे डाग चमचम न करणाऱ्या उजेडातच दिसतात. रंगासाठी पांढरा कागद दुमडून त्याच्या खाचेत हिरा ठेवा आणि बाजूने पाहा, वरून नाही. पिवळ्या सोन्यात बसवलेल्या हिऱ्याची हलकी पिवळसर झाक लपते. त्यामुळे पिवळ्या सोन्यासाठी जी-एच रंग पुरतो, ई-एफचे पैसे मोजायची गरज नसते.

मोठ्या गोल हिऱ्याचा व्यास मोजा. नीट कापलेला १ कॅरेटचा गोल हिरा साधारण ६.४ ते ६.५ मिलिमीटर भरतो, ५० सेंटचा ५.१ च्या आसपास, ३० सेंटचा ४.३ च्या आसपास. १ कॅरेटचा हिरा ६.१ मिलिमीटरच भरत असेल तर वजन पोटात लपलेलं आहे: वजनाचे पैसे पूर्ण, दिसायला लहान, आणि खोल कापामुळे मधोमध काळपट. बारीक हिऱ्यांना हाच ताळा लागतो. १.३ मिलिमीटरचा साधारण १ सेंट, १.७ चा साधारण २ सेंट. नग मोजा, गुणा, आणि बिलावरच्या वजनाशी ताडून पाहा.

मग बसवणी. हिरा धरणाऱ्या नख्या भिंगाखाली एकेक करून पाहा. नखी हिऱ्याला चिकटलेली असावी, मध्ये फट दिसू नये. अंगठी कानाजवळ धरून हलकेच टिचकी मारा. खडा सैल असेल तर किणकिण ऐकू येते. ओढणीच्या टोकावरून दागिना हळूच फिरवा. धागा अडकला तर नखी वर आली आहे, आणि तीच पुढे साडीत अडकून खडा पडतो. पाठ उघडी असलेला दागिना घ्यावा. जुन्या धाटणीच्या बंद कोंदणात हिऱ्यामागे चमकता पत्रा ठेवतात, त्यामुळे रंग आणि भेगा दोन्ही लपतात. परंपरा म्हणून तसाच हवा असेल तर हिरे बसवण्याआधी सुटे दाखवायला सांगा.

८. परत दिला तर काय मिळेल

'आजीवन शंभर टक्के एक्स्चेंज' हे शब्द ऐकायला छान आहेत. प्रश्न असा की शंभर टक्के कशाचे? वरचीच अंगठी घ्या. समजा अट आहे: सोनं त्या दिवसाच्या भावाने, हिरे बिलातल्या किमतीच्या ८० टक्क्यांनी, घडणावळ आणि कर वजा. सोन्याचा भाव बदलला नाही असं धरलं तर ३६,९०० अधिक २४,०००, म्हणजे ६०,९०० रुपये. दुसऱ्याच दिवशी परत दिली तरी १३,०७४.६० रुपये गेले. हे वावगं नाही, पण आधी माहीत असलं पाहिजे.

म्हणून हे लेखी घ्या: रोख परतीचा दर किती आणि बदलून घेण्याचा किती, दोन्ही वेगळे. टक्का बिलातल्या किमतीवर की दुकानाच्या त्या वेळच्या दरावर. सवलत घेतली असेल तर ती वजा होते का. कुठल्याही शाखेत चालतं की फक्त याच. मूळ अहवाल हरवला तर काय. प्रयोगशाळेतल्या हिऱ्यांसाठी अटी निराळ्या असतात. काही ठिकाणी फक्त सोन्याचे पैसे मिळतात, हिऱ्यांचे शून्य. हे आधीच स्पष्ट सांगणारा दुकानदार सचोटीचा समजावा, भले त्याची अट ऐकायला कमी गोड असो.

९. भिशी, आगाऊ रक्कम आणि ऑर्डर

सराफी दुकानांच्या मासिक योजना बहुधा ११ महिन्यांच्या असतात. त्याला कारण आहे: ग्राहकाकडून घेतलेली आगाऊ रक्कम ३६५ दिवसांत मालाने फेडली नाही तर ती कंपनीच्या दृष्टीने ठेव ठरते आणि ठेवींचे कडक नियम लागू होतात. वर्षाहून लांब मुदतीची किंवा ठरावीक व्याज देणारी योजना दिसली तर दूर राहा. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा असतो, सराफाकडच्या भिशीला नसतो. दुकान बंद पडलं तर पैसे सोडवायला वर्षं जातात. भरायचेच असतील तर जेवढे बुडाले तरी घर हलणार नाही तेवढेच भरा, आणि शेवटी हिऱ्याच्या दागिन्यावर ती रक्कम चालते का, ते आधी वाचा. कित्येक योजना फक्त सोन्यासाठी असतात.

ऑर्डर देताना अंदाजपत्रकावर सोन्याचा भाव आजचा की घडवून झाल्यावरचा, हिऱ्यांची प्रत, नगसंख्या, वजनातला मान्य फरक आणि तारीख हे सगळं हवं.

१०. बिल

कच्च्या चिठ्ठीवर, म्हणजे 'एस्टिमेट'वर, दागिना घेऊ नका, कर वाचतोय असं सांगितलं तरी. पक्क्या बिलाशिवाय परतीची अट, हॉलमार्कची भरपाई, ग्राहक आयोग, विमा यांपैकी कशालाही आधार उरत नाही. बिलावर हे हवं:

- फर्मचं नाव, जीएसटी क्रमांक, बिल क्रमांक, तारीख
- प्रत्येक नगाचं वर्णन आणि एचयूआयडी
- एकूण वजन, सोन्याचं निव्वळ वजन, कॅरेट आणि शुद्धता
- हिरे: नैसर्गिक की प्रयोगशाळेतले, नग, एकूण कॅरेट, रंग, स्वच्छता, कॅरेटमागे दर
- अहवाल असल्यास त्याचा क्रमांक
- घडणावळ, हॉलमार्किंग शुल्क आणि जीएसटी वेगवेगळे
- परतीच्या अटी, मागच्या बाजूला छापलेल्या असल्या तरी चालतील

दोन लाख किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घेण्यास कायद्याने मनाई आहे. 'दोन बिलं करू' हा मार्ग सुचवणाऱ्या दुकानात तुमचं बिलही तितक्याच हलक्या हाताने लिहिलं जातं. ऑनलाइन घेतलं असेल तर पार्सलचं सील तुटायच्या आधीपासून सलग व्हिडिओ काढा आणि परतीच्या मुदतीतच वजन, एचयूआयडी आणि अहवाल तपासून घ्या.

११. शंका आली तर

आधी परतीची मुदत संपण्याच्या आत दागिना स्वतंत्र ठिकाणी तपासा. सोन्यासाठी बीआयएस मान्यताप्राप्त हॉलमार्किंग केंद्रात कुणाही ग्राहकाला तपासणी करून मिळते, चार नगांपर्यंत २०० रुपयांत. शुद्धता कमी भरली तर त्या तुटीच्या रकमेच्या दुप्पट भरपाई आणि तपासणीचा खर्च मिळण्याची तरतूद बीआयएसच्या नियमांत आहे. हिऱ्यांसाठी दुकानाने सुचवलेली प्रयोगशाळा सोडून दुसरी निवडा.

नंतर दुकानाला लेखी कळवा. ईमेल चालेल, फोन नको. उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद करा. वजनाची तक्रार वैधमापन विभागाकडे, एचयूआयडीची 'बीआयएस केअर'मधून. ग्राहक आयोगाकडे ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाइन जाता येतं. खरेदी मुंबईत आणि तुम्ही राहता साताऱ्यात, तरी साताऱ्याच्या जिल्हा आयोगात तक्रार चालते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची.

अहवाल आणि बिल दागिन्याच्या डबीत ठेवू नका. डबी चोरीला गेली तर तिन्ही एकदम जातात. दोन्हींचे फोटो घेतल्या दिवशीच काढा, शिवाय भिंगातून दिसणाऱ्या एचयूआयडीचाही. पुढे पॉलिशला किंवा दुरुस्तीला दागिना देताना पावतीवर वजन, नग आणि हा क्रमांक लिहून घ्या आणि परत आला की काट्यावर ठेवून पुन्हा जुळवा.